तालमीतला विश्वास : अमानत की कवायत?

गेल्या आठवड्यात एका होतकरू मुलाचा फोन आला. त्यांच्या ग्रुपने हौशी नाट्यस्पर्धेसाठी नाटक घेतलंय. वाचनं झाली, पण मुलं अजून मोकळी होत नाहीत. "सर, रविवारी दोन तास येऊन ट्रस्ट बिल्डिंगचं सेशन घ्या ना. एकमेकांवर विश्वास बसला की नाटक उभं राहील." मी नाही म्हणालो. तो बिचारा गोंधळला. मानधनाचा प्रश्न असेल असं वाटून त्याने आकडा वाढवला. प्रश्न मानधनाचा नव्हता. मी का नाही म्हणालो ते फोनवर सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय. त्याने वाचावं, त्याच्या दिग्दर्शकाने वाचावं आणि आपल्या मोहल्ल्यातल्या ज्या आईबापांची मुलं नाटकात जातात किंवा जाऊ पाहतात, त्यांनीही वाचावं. कारण यात त्यांच्याही वाट्याला थोडं येणार आहे.

हे 'ट्रस्ट'चे खेळ तुम्ही पाहिले असतील. सगळ्यांनी गोल करायचा. मधल्या माणसाने डोळे मिटून अंग सैल सोडायचं आणि मागे पडायचं. बाकीच्यांनी झेलायचं. दुसरा खेळ डोळ्यांवर पट्टी बांधून जोडीदाराच्या आवाजामागे चालण्याचा. तिसरा सगळ्यात लाडका. दिवे मंद करून खाली बसायचं आणि प्रत्येकाने आपल्या आयुष्यातली एक अशी गोष्ट सांगायची, जी आजवर कुणाला सांगितली नाही. मग रडारड होते, मिठ्या पडतात, ग्रुपवर फोटो येतात आणि दिग्दर्शक म्हणतो, "आता आपण कुटुंब झालो."

मीही अशाच एका कुटुंबात होतो. पंचवीसेक वर्षं झाली. जिल्ह्याच्या गावातला ग्रुप, एकांकिका दंगलीवरची. मला भूमिका कुठली मिळाली हे सांगायला नको. आमच्यासारख्यांना दंगलीच्या नाटकात ऑडिशन द्यावी लागत नाही, नाव सांगितलं की झालं. मला त्याचं फार वाईट वाटलं नव्हतं. काम मिळतंय याचाच आनंद होता. पहिल्या आठवड्यात आम्ही एकमेकांच्या हातांत पडलो. आठ जणांनी मला झेललं आणि नीट झेललं. त्या हातांबद्दल माझी आजही तक्रार नाही.

मग ते मंद दिव्यांचं वर्तुळ झालं. माझी पाळी आली तेव्हा दिग्दर्शक मऊ आवाजात म्हणाला, "तुझ्याकडे खरं मटेरियल आहे. बाकीच्यांना इमॅजिन करावं लागेल. तू जगलायस." मी सांगितलं. 1992 चा डिसेंबर. आमच्या गावात दंगल झाली नव्हती, पण रोज संध्याकाळी ती आज होणार असं वाटायचं. आम्ही मिश्र वस्तीत राहायचो. एका रात्री अम्मीने स्वयंपाकघरातल्या सुरीच्या टोकाने दारावरची अब्बांच्या नावाची पाटी काढली. स्क्रू ओट्यावर ठेवले आणि पाटी तांदळाच्या डब्यात तळाशी पुरली. आम्ही भावंडं जागी होतो, पण झोपल्याचं सोंग केलं. पाटी पुन्हा दारावर लागली ती मार्चमध्ये. त्या तीन महिन्यांबद्दल आमच्या घरात आजतागायत कुणी बोललेलं नाही. एवढंच सांगितलं. सगळे गप्प झाले. कुणीतरी माझा हात दाबला. त्या रात्री घरी जाताना मला खरंच हलकं वाटत होतं.

चार दिवसांनी संहितेत नवा प्रवेश आला. पाटी, सुरी, तांदळाचा डबा, सगळं होतं. वर दिग्दर्शकाची भर अशी की, दुसऱ्या दिवशी शेजारीण उसने तांदूळ मागायला येते, डब्यात हात घालते आणि तिच्या हातात पाटी लागते. "टेन्शन रिलीज व्हायला पाहिजे," तो म्हणाला. मी म्हटलं, "सर, हे माझ्या घरातलं आहे." त्यावर त्याचं उत्तर मला शब्दशः आठवतं. "अरे, तूच तर दिलंस. आता ते नाटकाचं झालं."

प्रयोगाला अम्मी तिसऱ्या रांगेत होती. माझं काम पाहायला पहिल्यांदाच आली होती आणि तिला आणण्यासाठी मी आठ दिवस अब्बांची मनधरणी केली होती. शेजारणीच्या हातात पाटी आली आणि हॉल हसला. टाळ्यासुद्धा पडल्या. परतताना रिक्षात ती काही बोलली नाही. घरी आल्यावर बुरखा घडी करून ठेवताना एकच वाक्य बोलली, "घरकी बात थी रे बाबा, भरे हॉलमें कायकू दिया?"

त्या एकांकिकेला बक्षीस मिळालं. अम्मी त्यानंतर माझ्या कुठल्याही प्रयोगाला आली नाही.

आता कुणी म्हणेल, हा एका वाईट दिग्दर्शकाचा किस्सा झाला, त्यावरून सगळ्या पद्धतीला का झोडपता? म्हणून सांगतो, तो माणूस वाईट नव्हता. तो मेहनती होता, स्वतःला पुरोगामी म्हणवायचा आणि बऱ्याच अंशी होताही. नाटक आपल्या बाजूचंच होतं. त्याची चूक स्वभावातली नव्हती, समजुतीतली होती. विश्वास हा नटाकडून काढून घ्यायचा कच्चा माल आहे, अशी ती समजूत. ती आजही आपल्या शिबिरांमधून शिकवली जाते आणि माझं भांडण तिच्याशी आहे.

आपल्या घरांत 'अमानत' हा शब्द रोजच्या वापरातला. दुसऱ्याने विश्वासाने आपल्याकडे ठेवलेली वस्तू म्हणजे अमानत. ती जशीच्या तशी परत करायची असते. तीत हात घातला तर ती खयानत. बैठकीत बोललेली गोष्टही अमानतच असते, ही शिकवण आपल्याकडे जुनी आहे. आणि हा शब्द काही परका नाही. मराठीतली 'अनामत रक्कम' म्हणजे हाच शब्द, अक्षरं मागेपुढे झालेला. घरमालक अनामत घेतो तेव्हा ती त्याची होत नाही हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. मग तालमीच्या हॉलमध्ये एका पोराने ठेवलेली अनामत दिग्दर्शकाच्या मालकीची कशी काय होते?

हे खेळ आले कुठून तेही पाहू. व्हायोला स्पोलिनने शिकागोत असे खेळ रचले ते स्थलांतरितांच्या मुलांबरोबर काम करताना. वेगवेगळ्या देशांतून आलेली, एकमेकांची भाषा न कळणारी मुलं. त्यांना उपदेश न करता खेळता खेळता एकत्र आणायचं होतं. ब्राझीलच्या ऑगस्टो बोआलने डोळे मिटून करायचे कितीतरी खेळ पुस्तकात मांडले. पण 1971 मध्ये लष्करी राजवटीने त्याला पकडून छळलं होतं, नंतर देश सोडावा लागला होता. त्याचं सगळं नाटक एका प्रश्नाभोवती फिरतं. इथे दाबणारा कोण आणि दबलेला कोण? आपण त्याचे खेळ घेतले आणि प्रश्न तिकडेच ठेवून आलो. आपल्या हॉलमध्ये पट्टी बांधायला सांगणारा स्वतः कधी पट्टी बांधत नाही. गुपित सांगायला लावणारा स्वतःचं गुपित सांगत नाही. ज्याच्या हातात भूमिका देणं, काढणं, रात्री किती वाजेपर्यंत थांबवायचं हे ठरवणं आहे, तो खुर्चीत बसलेला असतो. आणि जे आधीच दबून आहेत, म्हणजे नवखी मुलगी, खेड्यातून आलेला मुलगा, एकटा मुसलमान, एकटा दलित, त्यांना सांगितलं जातं की विश्वास ठेवा. याला मी कवायत म्हणतो. कवायतीत हुकूम एक जण देतो आणि पाय इतरांचे दुखतात.

एका मुलीने मागे पडायला नकार दिला तेव्हाची गोष्ट. झेलणाऱ्यांत चारही मुलगे होते. ती म्हणाली, "मला नको." झालं. "तुझ्यात ब्लॉक आहे", "ॲक्टरला शरीराची लाज असून कसं चालेल", असा तासभर तिचा पंचनामा झाला. ती मुसलमान नव्हती हे मुद्दाम सांगतो, नाहीतर वाचणारा लगेच म्हणेल, त्यांच्यात तसं असतंच. माझ्या मते त्या दिवशी हॉलमध्ये विश्वासाचं एकच काम झालं आणि ते तिने केलं. मनातलं खरं ती सगळ्यांसमोर बोलली. ज्या तालमीत 'नाही' म्हणता येत नाही, तिथल्या 'हो'ला किंमत शून्य. ती मुलगी पुढच्या सोमवारी आली नाही. तिच्या जागी दुसरी आली.

मग विश्वास बसतो तरी कसा? मी तो बसताना पाहिला आहे आणि त्यासाठी कुणीही सेशन घेतलं नव्हतं.

नंतर मी ज्या ग्रुपमध्ये गेलो तिथे नेपथ्य बांधणारे एक काका होते. पेशाने सुतार. नाटकाबद्दल त्यांचं मत कुणी विचारत नसे. प्रत्येक प्रयोगाआधी ते आमची सहा फुटी लेव्हल लावायचे, मग स्वतः वर चढायचे आणि तिच्या कडेवर दोन्ही पायांनी उड्या मारायचे. साठीचा माणूस. मी एकदा विचारलं, काका, रोज कशाला? ते म्हणाले, "तू अंधारात पळत येतोस. तुझा पाय पडायच्या आधी माझा पडलेला बरा." मी त्या लेव्हलवरून तीसेक प्रयोगांत उडी घेतली असेल. एकदाही खाली पाहिलं नाही.

विश्वासाची सगळी विद्या मला त्या वाक्यात दिसते. ज्याच्याकडे अधिकार आहे, ज्ञान आहे, त्याचा पाय आधी पडला पाहिजे.

त्याच ग्रुपमध्ये रमजानात तालमी चालू होत्या. दुसऱ्याच दिवशी दिग्दर्शकबाईंनी चहाची सुट्टी वीस मिनिटं पुढे सरकवली आणि ती मगरिबच्या वेळेला आली. कुणी भाषण केलं नाही, ऐक्याचा फोटो काढला नाही. वेळापत्रकात वेळ बदलली, एवढंच. शेवटची एसटी साडेनऊची होती म्हणून दोन मुलींचे प्रवेश आधी घेतले जायचे. आणि कुणी वाक्य विसरलं तर ओरडायचं नाही, समोरच्याने सांभाळून घ्यायचं, असा दंडक होता. नाटकवाल्यांना माहीत आहे, विश्वासाची खरी परीक्षा वाक्य विसरल्यावर होते. हजार डोळे तुमच्याकडे, डोकं कोरं, आणि समोरचा नट स्वतःचं वाक्य मोडून तुमच्या हातात तुमचं वाक्य ठेवतो. हे तो का करतो? महिनाभर तालमीत त्यालाही कुणीतरी असंच सावरलेलं असतं.

मोठ्यांच्या नाटकांतही हेच दिसतं. 1972 मध्ये 'घाशीराम कोतवाल' आलं. दिग्दर्शक जब्बार पटेल. त्यातली माणसांची भिंत आठवा. गाणारी, डुलणारी, क्षणात फुटणारी आणि क्षणात सांधणारी. एकाचं पाऊल चुकलं तर भिंतीला भगदाड. ती भिंत संगीताच्या मात्रेवर, पावलापावलाने, पुन्हा पुन्हा घोटूनच उभी राहू शकते. शेजारचा कुठल्या मात्रेला वळणार हे अंगात मुरलेलं असणं, हा नटांमधला विश्वास. पुढे नाटकावर वादळ उठलं, संस्थेने प्रयोग थांबवले, तेव्हा ही तरुण मंडळी बाहेर पडली आणि 1973 मध्ये थिएटर ॲकॅडमी काढून त्यांनी नाटक पुन्हा उभं केलं. भिंत रंगमंचाबाहेरही टिकली.

हबीब तनवीर यांची गोष्ट तर दिग्दर्शकांनी पाठच करावी. लंडनला नाट्यशिक्षण घेऊन आलेला माणूस. छत्तीसगढचे नाचा कलावंत घेऊन नाटक करायला लागला, पण त्यांना हिंदी बोलायला लावायचा, हालचाली आखून द्यायचा. गावच्या मांडवात रात्र रात्र गाजवणारे ते कलावंत शहरी रंगमंचावर अवघडायचे. त्यांच्यातलं 'ब्लॉक' काढायला हबीबसाहेबांनी शिबिर घेतलं नाही. चूक आपली आहे हे त्यांनी मान्य केलं. त्यांना त्यांच्या छत्तीसगढीत बोलू दिलं, हालचाली त्यांच्या त्यांना शोधू दिल्या. त्या वाटेवर 1975 चं 'चरणदास चोर' सापडलं. आधी दिग्दर्शकाने नटावर विश्वास टाकला, मग नटाने दिग्दर्शकावर. क्रम लक्षात घ्या.

आणि सफदर हाश्मी. 1 जानेवारी 1989 ला साहिबाबादजवळ झंडापूरमध्ये 'हल्ला बोल'चा प्रयोग चालू असताना हल्ला झाला. साथीदारांना निसटता यावं म्हणून सफदर मागे थांबले. दुसऱ्या दिवशी ते गेले. 4 जानेवारीला मोलोयश्री हाश्मी आणि सगळे साथी त्याच जागी परत आले आणि अर्धवट राहिलेलं नाटक त्यांनी पूर्ण केलं. नवऱ्याला जाऊन दोन दिवस झाले होते. असा विश्वास डोळ्यांवर पट्टी बांधून येत नाही. तो उघड्या डोळ्यांनी, समोरचा माणूस वर्षानुवर्षं कसा वागला ते पाहून येतो.

माझ्या या म्हणण्यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला : नाटकवाल्यांना जातधर्म नसतो, तू उगाच काढतोस. ठीक. मग तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'मधला एक प्रवेश तालमीला घ्या. दाऊद गणपतीच्या आरतीत सूर मिसळतो, लक्ष्मी त्याला मुसलमान म्हणून अडवते आणि सखाराम त्यावरून लक्ष्मीला मारतो. मुसलमानाचा मान राखला जातो, पण बाईच्या अंगावर. तीन नट, तीन जखमा. दाऊद करणाऱ्याला आरतीवरून चहाच्या वेळी चिडवलं गेलं, किंवा लक्ष्मी करणारीला हात कुठून, किती जोरात येणार हे आधी ठरवून दिलं नाही, तर हा प्रवेश उभा राहील? जातधर्म आणि बाईपण संहितेत आहे, प्रेक्षकांत आहे, मग फक्त तालमीच्या हॉलमध्ये ते चपलांबरोबर बाहेर राहतं, हे मला पटत नाही. ते आत आहे हे मान्य करूनच त्याची व्यवस्था लावावी लागते.

दुसरा आक्षेप : नियम, परवानग्या आल्या की कला मरते. मी म्हणतो, तबल्याला ताल असतो म्हणून तबलजी मरतो का? मारामारीचा प्रवेश आपण मोजून बसवतो, तलवार कुठून येणार ते ठरवतो. मग मिठीचा, मारहाणीचा, बलात्काराचा प्रवेश 'उत्स्फूर्त' का सोडायचा? आणि नियम आधीच आहेत. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात कर्मचारी म्हणजे पगारी माणूसच नव्हे. बिनपैशाने, स्वेच्छेने काम करणारी व्यक्तीही त्यात येते, शिकाऊही येते. दहापेक्षा कमी माणसांच्या ठिकाणासाठी जिल्ह्यात स्थानिक समिती असते. किती हौशी ग्रुपमध्ये पहिल्या वाचनाला ही माहिती दिली जाते? मी तरी एकदाही ऐकली नाही.

आता आपल्या लोकांशी थोडं बोलायचं आहे. वरचं वाचून काही जण म्हणतील, "आम्ही सांगतच होतो, नाटकवाल्यांत जाऊ नको." नाही भाईजान, ते मी म्हणत नाही. सगनभाऊ हा शिकलगार मुसलमान, लावणीतला थोर शाहीर. बार्शीचे अमर शेख, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचा आवाज. यांची नावं आपण सभेत अभिमानाने घेतो. पण मोहल्ल्यातली एखादी मुलगी तालमीवरून रात्री दहाला परतते तेव्हा आपली खिडकी किलकिली होते. तिच्या बापाला नमाजानंतर बाजूला घेऊन कोण समजावतं? आपणच. मग हॉलमध्ये तिच्याशी काही वावगं घडलं तर ती घरी सांगेल कुणाला? सांगितलं की पहिला निकाल ठरलेला, नाटक बंद. म्हणून ती गप्प बसते आणि ते गप्प बसणं तिकडच्या माणसाच्या पथ्यावर पडतं. हॉलने तिचा विश्वास मोडला तर तो दोष हॉलचा, पण तिच्या मागे घराचं दार बंद असेल तर तो दोष आपला. नाव झालं की 'आपला', तोवर 'बिघडलेला', हा हिशेब आता बंद करा. मुलीच्या तालमीला एकदा स्वतः जा. प्रयोगाला तिसऱ्या रांगेत बसा.

फोन करणाऱ्या त्या मुलाला माझं उत्तर असं. रविवारचे दोन तास माझ्यावर घालवू नकोस. त्या वेळात सगळ्यांना समोर बसवून तुमच्या दिग्दर्शकाला चार गोष्टी बोलू दे. तालीम किती वाजता संपेल आणि शेवटची एसटी कुणाची चुकणार नाही. स्पर्शाचा प्रत्येक प्रवेश आधी ठरवून, विचारून बसवला जाईल. या हॉलमध्ये कुणी स्वतःच्या घरातलं काही सांगितलं तर ते अनामत राहील, विचारल्याशिवाय संहितेत येणार नाही, आणि आधी दिलेली परवानगी प्रयोगाच्या आदल्या दिवशीही परत घेता येईल. चौथी गोष्ट, मी चुकलो तर मला सगळ्यांसमोर सांगा, मी तुमची भूमिका काढणार नाही. एवढं बोलून त्याने ते महिनाभर पाळावं. मुलं मोकळी होतात की नाही ते पाहा.

आणि पडण्याचा खेळ खेळायचाच असेल तर जरूर खेळा. फक्त पहिल्यांदा दिग्दर्शकाला पडू दे.

अम्मी आता थकली आहे. तांदळाचा तो डबा अजून आमच्या स्वयंपाकघरात आहे आणि अब्बांची पाटी दारावर. पुढच्या महिन्यात माझ्या पुतणीचा पहिला प्रयोग आहे. तिने अम्मीला विचारलं, "दादी, आओगी ना?" अम्मीने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "नाटक में अपने घर का कुछ नहीं है ना?" मी म्हटलं, नाही. आदल्याच दिवशी पुतणीची संहिता मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून काढली होती.